परळच्या गच्चीवर चार तासांची हवा

डिसेंबर १९८६. पहाटेचे पावणेसहा. परळमधल्या एका जुन्या इमारतीचा जिना तुम्ही चढताय. एका हातात बर्फाची बादली, दुसऱ्या हातात लाकडी खोका, खोक्यात काचेच्या नळ्या. तिसऱ्या मजल्यावर दूधवाला उतरताना भेटतो, खोक्याकडे बघतो आणि भिंतीला चिकटून वाट देतो. गच्चीचं दार ढकललं की थंडीच्या आधी आवाज अंगावर येतो. हाय व्हॉल्यूम सॅम्पलर रात्रभर घरघरतोय.

"काय हो भाऊ," समोरच्या चाळीच्या गॅलरीतून एक बाई विचारतात, "हे तुमचं मशीन रात्री तरी बंद ठेवता येत नाही का? घरात म्हाताऱ्याला झोप नाही."

"रात्रीचीही हवा मोजावी लागते, मावशी."

"आणि मोजून काय करणार?"

याला तुमच्याकडे तयार उत्तर नाही. तुम्ही वाकून कामाला लागता.

रात्रपाळीला पांढराशुभ्र लावलेला फिल्टर आता करडा-काळा झालाय. त्याचं कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही, धूळ दिसते. तुमचं खरं काम शेजारच्या छोट्या पेटीत आहे. तिथे बर्फात बुडवलेल्या काचेच्या नळीत तीस मिलिलिटर पाण्यासारखं द्रावण आहे, आणि गेले चार तास परळची हवा त्यातून बुडबुडत गेली आहे. द्रावण एक लिटर करायचं तर चार ग्रॅम कॉस्टिक सोडा आणि एक ग्रॅम सोडियम आर्सेनाइट. आर्सेनाइट म्हणजे जहर. म्हणून वरिष्ठांनी पहिल्याच दिवशी बजावलंय: पिपेट तोंडाने ओढायची नाही, हात धुतल्याशिवाय विडीला हात लावायचा नाही.

रोटामीटरमधली गोळी मिनिटाला एक लिटरच्या खुणेवर तरंगतेय. चार तासांत २४० लिटर हवा. तेवढ्या वेळात तुम्ही स्वतः नुसते बसून असलात तरी दीड हजार लिटरच्या आसपास हवा आत घेता. समजा त्या हवेत घनमीटरमागे ५० मायक्रोग्रॅम नायट्रोजन डायऑक्साइड असेल, तर तुमच्या नळीतून गेला तो सगळा मिळून १२ मायक्रोग्रॅम. मिठाच्या एका कणाच्या पाचव्या हिश्श्याइतका. तोही दिसत नाही, वास येत नाही, द्रावणाचा रंग तसूभर बदललेला नाही. नाकाला हा वायू जाणवायला लागतो तोवर कायद्यातली मर्यादा कधीच मागे पडलेली असते.

नळी काढायची, बाटलीत ओतायची, चिठ्ठी चिकटवायची, नवी नळी लावायची, बर्फ भरायचा, वहीत वेळ आणि प्रवाह लिहायचा. गॅसची नळी दर चार तासांनी, धुळीचा फिल्टर दर आठ तासांनी. गिरणीत तीन पाळ्या, तुमच्या फिल्टरच्याही तीन पाळ्या. सातच्या भोंग्याला अजून अवकाश आहे. आणि भोंगेही आता पूर्वीइतके राहिलेले नाहीत: १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला संप कधी संपला हे कुणालाच नीट सांगता येत नाही, पण बऱ्याच चिमण्यांचा धूर गेला तो गेलाच. खाली आंबेडकर रोडवर मात्र पहिल्या बसचं डिझेल इंजिन खाकरतंय. नळीला त्या दोन्हींतला फरक कळत नाही. ती फक्त गोळा करते.

राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे नीरीने, १९७८ पासून देशातल्या दहा शहरांत अशी नियमित मोजणी सुरू केली. काळबादेवी आणि परळ ही त्यातली मुंबईची नावं. एकीकडे बाजारपेठ, दुसरीकडे गिरण्या. गच्चीवरून उजव्या हाताला केईएम रुग्णालय दिसतं. तिथल्या छातीविकार विभागात डॉ. एस. आर. कामत आणि त्यांचे सहकारी सत्तरीच्या दशकापासून वस्त्यावस्त्यांत जाऊन खोकला, दमा, धाप यांची विचारपूस करतायत आणि मुंबईच्या वस्त्यांची तुलना खेड्यातल्या माणसांशी करतायत. मावशींच्या प्रश्नाचं उत्तर कदाचित त्या इमारतीत असेल. गच्चीवर ते नाही.

दुपारी तुम्ही वरळीच्या प्रयोगशाळेत आहात. दिवसातली सगळ्यात छान वेळ हीच. बाष्प होऊन उडालेलं पाणी भरून काढायचं, त्यातलं दहा मिलिलिटर चंचुपात्रात नव्हे, मोजमापाच्या फ्लास्कमध्ये घ्यायचं. एक मिलिलिटर हायड्रोजन पेरॉक्साइड: गिरण्यांच्या भट्ट्यांतून आलेला सल्फर डायऑक्साइड द्रावणात घोटाळा करतो, त्याला आधी गप्प करायचं. मग दहा मिलिलिटर सल्फानिलामाइड. हे मूळचं औषध; पेनिसिलिन येण्याआधी डॉक्टरांचा भरवसा सल्फा गोळ्यांवर होता, त्यातलं हे आद्य. शेवटी १.४ मिलिलिटर नेडा, ज्याचं पूर्ण नाव लेबलवर दोन ओळींत बसतं. पाणी घालून पन्नास मिलिलिटर करायचं आणि दहा मिनिटं थांबायचं.

फ्लास्क गुलाबी होतो.

आधी जेमतेम, मग स्पष्ट. पहाटेची नळी फिकी, रात्री दहा ते दोनची गडद. परळमध्ये रात्री हवा का साचते हे तुम्हाला फ्लास्कच्या रांगेतच वाचता येतं: दिवसा समुद्रावरून येणारे खारे वारे गिरगाव-वरळीकडून शहर धुऊन काढतात, हिवाळी रात्री ते पडतात आणि जमिनीलगतची थंड हवा जागची हलत नाही. मग स्पेक्ट्रोफोटोमीटरमध्ये ५४० नॅनोमीटर तरंगलांबीचा हिरवा प्रकाश त्या गुलाबी पाण्यातून जाऊ द्यायचा आणि किती अडला ते पाहायचं. जितका अडला तितका वायू.

हा गुलाबी रंग गिरणगावाला परका नाही. वायूपासून द्रावणात नायट्राइट झालं, नायट्राइटने सल्फानिलामाइडचं डायझो संयुग केलं, ते नेडाला जोडलं गेलं आणि अॅझो रंग तयार झाला. गिरण्यांच्या रंगखात्यात नॅफ्थॉलने लाल-किरमिजी कापड रंगवतात तिथेही हीच जोडणी होते, आणि तिथेही हौदात बर्फ टाकावा लागतो. डायझो संयुग गरम झालं की बिघडतं. त्या रंगांना कारागीर आईस कलर म्हणतात. दादरच्या चौपाटीजवळची इंदू मिल नंबर सहा तर रंगाईचीच गिरणी. तिथला रंगारी तुमचा फ्लास्क बघून हसेल: एवढुशा रंगासाठी केवढी उस्तवार! या रसायनाचा जनकही कारखान्यातलाच माणूस, योहान पीटर ग्रीस, इंग्लंडमधल्या बर्टन गावच्या बिअरच्या भट्टीत नोकरी करणारा जर्मन. डायझो संयुगं त्याने १८५८ मध्ये शोधली, नायट्राइट ओळखायची रंगाची कसोटी १८७९ मध्ये दिली.

पण फ्लास्क गुलाबी झाला म्हणून आकडा खरा झाला असं नाही. वहीतल्या सूत्रात एक ०.८२ आहे, त्यावर बोट ठेवा. नळीतून गेलेल्या वायूपैकी ८२ टक्केच द्रावणात अडकतो असं ते सांगतं. यामागे बरीच फजिती आहे. मॉरिस जेकब्स आणि सेमूर हॉकहायझर या अमेरिकन रसायनज्ञांनी १९५८ मध्ये ही पद्धत मांडली तेव्हा नळीत नुसता कॉस्टिक सोडा होता. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने १९७१ मध्ये तीच अधिकृत केली, ३५ टक्के वायू अडकतो असं धरून. नंतर कळलं की हवा स्वच्छ असेल तर जास्त अडकतो आणि घाण असेल तर कमी. म्हणजे बऱ्या शहरांना उगाच दोष आणि वाईट शहरांना सूट. १९७३ मध्ये त्यांनी ती पद्धत मागे घेतली. आर्सेनाइट घातल्यावर अडकण्याचं प्रमाण ८२ टक्क्यांवर स्थिरावलं, म्हणून हे जहर तुमच्या नळीत आहे. आपल्याकडे आयएस ५१८२ या मानकाचा सहावा भाग नायट्रोजन ऑक्साइडचा, पहिली आवृत्ती १९७५ ची. आणि आर्सेनाइटची सुधारित पद्धत २००९ च्या राष्ट्रीय मानकांतही कायम आहे.

आता थोडं मागे चला. १९१३ चं लालबाग. वर्षभरापूर्वी मुंबई इलाख्यात धुराच्या उपद्रवाचा कायदा झालाय आणि तुम्ही निरीक्षक आहात. तुमचं यंत्र म्हणजे एक पुठ्ठा: मॅक्सिमिलियन रिंगेलमन या फ्रेंच प्राध्यापकाचा तक्ता, पांढऱ्यावर काळ्या रेषांच्या जाळ्या, एकापेक्षा एक दाट. तो समोर धरायचा, डोळे बारीक करायचे, चिमणीचा धूर कितव्या जाळीशी जुळतो ते लिहायचं. बॉयलरखात्यातला फायरमन तुम्हाला पाहून कोळसा जपून टाकतो आणि धूर एकदम शहाणा होतो. तुम्ही तक्ता खाली करता. जाळ मात्र आता जास्त तापलाय, आणि जाळ दीड हजार अंशांच्या वर गेला की हवेतला नायट्रोजन आणि ऑक्सिजन, जे एरवी एकमेकांकडे बघतही नाहीत, तेच जुळून नायट्रिक ऑक्साइड होतात. त्याला रंग नाही. कायद्याने धूर विचारला होता, तुम्ही धूर लिहिलात. दोन वर्षांनी खोपोलीहून टाटांची जलविद्युत येईल, काही चिमण्या थंडावतील आणि सगळ्यांना वाटेल की हवेचा प्रश्न सुटत चालला.

३१ मार्च १९६४ ची रात्र ओलांडताना क्षणभरच थांबा. बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम निघाली आहे, रस्त्याच्या दोन्ही अंगांना माणसं, आणि तुम्ही वरच्या मजल्यावर खिडकीशी. चांगला प्रवास आहे. ट्राम विजेवर चालते, रस्त्यात तिच्या मागे काही सुटत नाही. उद्यापासून या मार्गावर डिझेल. दादर टीटी, म्हणजे ट्राम टर्मिनस, हे नाव तेवढं राहील.

पुढे २००० च्या आसपास. काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या मागच्या सीटवर तुम्ही, डिकीत सीएनजीची टाकी, त्यामुळे सामान मांडीवर. धुराने हैराण झालेल्या नागरिकांच्या मंचाने उच्च न्यायालयात याचिका केली, १९९९ मध्ये व्ही. एम. लाल समिती नेमली गेली आणि जुन्या टॅक्सींना गॅसवर यावं लागलं. काजळी घटली हे उघड आहे. हिंदमाताला उभं राहिलं की रुमाल पूर्वीइतका काळा होत नाही. पण सीएनजीचा जाळही जाळच. त्यातला नायट्रोजन इंधनातून येत नाही, हवेतून येतो. रुमालावर विश्वास ठेवणाऱ्याची इथे हमखास फसगत होते, आणि मुंबईत रुमालावर विश्वास ठेवणारे पुष्कळ.

२०११ मध्ये लालबागचा उड्डाणपूल सुरू होतो. तुम्ही मसाल्याच्या दुकानांच्या गल्लीत आहात, डंकावर मिरची कुटली जातेय आणि ठसक्याने डोळ्यांतून पाणी वाहतंय. शुद्ध हवा हवी म्हणून मुख्य रस्त्यावर येता. डोक्यावर पूल, पुलावर गाड्या, पुलाखालीही गाड्या, दोन्ही बाजूंना इमारती. वरचा धूर दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या खिडक्यांशी, खालचा पुलाच्या छताखाली. इथे श्वास घ्यायला बरं वाटतं. मिरचीने निदान सांगितलं तरी होतं.

आता एका वातानुकूलित केबिनमध्ये शिरा. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचा हवा मोजणारा सफर प्रकल्प २०१५ मध्ये मुंबईत आला. माझगाव, वरळी, चेंबूर, अंधेरी अशी केंद्रं उभी राहिली. छपरावरून टेफ्लॉनची नळी आत येते आणि यंत्राच्या पोटात जाते. बर्फ नाही, जहर नाही, गुलाबी रंगही नाही. यंत्र स्वतःच ओझोन बनवतं आणि तो आलेल्या हवेत सोडतं. नायट्रिक ऑक्साइडची ओझोनशी गाठ पडली की उत्तेजित नायट्रोजन डायऑक्साइड तयार होतो, आणि शांत होताना तो प्रकाश टाकतो. लाल आणि त्याही पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा. थंड ठेवलेला संवेदक तो मोजतो. पण हे झालं नायट्रिक ऑक्साइडचं. डायऑक्साइड मोजायचा तर हवा आधी सव्वातीनशे अंशांवर तापलेल्या मॉलिब्डेनममधून न्यायची, तिथे त्याचा पुन्हा नायट्रिक ऑक्साइड होतो, आणि एकूण आकड्यातून पहिला वजा करायचा. यंत्र काही सेकंदांनी वाट बदलत राहतं.

तर्कट यंत्र आहे, पण गुण मोठा. गच्चीवरची नळी चार तासांचं एकच उत्तर देत होती, आणि राष्ट्रीय कार्यक्रमाच्या नियमाने आठवड्यातून दोन दिवस, वर्षाला १०४. हे यंत्र दर मिनिटाला बोलतं. सकाळी साडेनऊचं शिखर, दुपारचा खड्डा, रात्री दहाचं दुसरं शिखर पडद्यावर उभं राहतं. गाडीच्या नळकांड्यातून मुख्यतः नायट्रिक ऑक्साइडच निघतो आणि रस्त्यावर आल्यावर तो हवेतला ओझोन खाऊन डायऑक्साइड होतो, हे दोन रेषा शेजारी शेजारी पाहिल्याशिवाय पटत नाही. दोषही आहेत. तापलेलं मॉलिब्डेनम नायट्रिक आम्लाच्या वाफेलाही डायऑक्साइड समजतं. वीज गेली, गाळणी तुंबली, प्रमाणित गॅसचा सिलिंडर वेळेवर आला नाही, की रेषा तुटते. गच्चीवरचा माणूस निदान 'बर्फ संपला' असं वहीत लिहीत होता.

२५ मार्च २०२० नंतरचे टाळेबंदीचे दिवस. दादर टीटीच्या भर चौकात तुम्ही उभे आहात आणि सिग्नल कुणासाठी तरी रंग बदलतोय. हा वायू हवेत काही तासच टिकतो, त्यामुळे गाड्या थांबल्या की तो लगेच ओसरतो. धुळीसारखा रेंगाळत नाही. सव्वाआठशे किलोमीटर उंचीवरून सेंटिनेल-५पी उपग्रह जातो, त्यावरचं ट्रोपोमी हे उपकरण परतलेला सूर्यप्रकाश वाचतं, आणि भारतातल्या शहरांवरचे लाल डाग फिकट झालेली चित्रं जगभर छापली जातात. चित्रं खरी होती. फक्त दोन गोष्टी लक्षात ठेवा. उपग्रह येतो दुपारी दीडच्या सुमाराला, जेव्हा ऊन हा वायू फोडत असतं आणि खारे वारे जोरात असतात; रात्री दहाचं लालबाग त्याला कधीच दिसत नाही. आणि त्याचा एक चौकोन साडेपाच गुणिले साडेतीन किलोमीटरचा. परळ, लालबाग आणि वरळीचा बराचसा भाग एकाच आकड्यात.

आता आजच्या तारखेला या. भायखळा आणि शिवडीलाही महापालिकेची स्वयंचलित केंद्रं आहेत. फोनवर एक्यूआय, म्हणजे हवेचा निर्देशांक, दिसतो, हिरवा किंवा पिवळा, आणि आपण छत्री न्यावी की नाही ठरवावं तसं बाहेर पडायचं की नाही ठरवतो. पण एक्यूआय म्हणजे सगळ्या प्रदूषकांची बेरीज नव्हे. ज्याचा निर्देशांक सगळ्यात वाईट, तोच एक्यूआय. मुंबईत तो मान बहुधा धूलिकणांचा. नायट्रोजन डायऑक्साइड त्याच्या मागे उभा राहतो आणि कुणाच्या लक्षात येत नाही. शिवाय तो २४ तासांच्या सरासरीने मोजला जातो, म्हणजे रात्रीचं शिखर दुपारच्या खड्ड्यात बुजवून. आपली मर्यादा चोवीस तासांना ८० मायक्रोग्रॅम आणि वर्षाला ४०. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हेच आकडे २५ आणि १० ठरवले. त्यामुळे 'मर्यादेत' हा शब्द ऐकला की कुणाच्या, असं विचारायला हरकत नाही.

माझं मत विचाराल तर मुंबईला आणखी महागडी यंत्रं हवीत त्याहून जास्त स्वस्त नळ्या हव्यात. न्यूयॉर्कच्या एडवर्ड पाम्स यांनी १९७६ मध्ये एक साधी नळी केली: सात सेंटिमीटर लांब, एका टोकाला ट्रायइथॅनॉलअमाइन लावलेली जाळी, दुसरं टोक उघडं. वीज नको, पंप नको, घरघर नको. खांबाला उलटी बांधायची, दोन ते चार आठवड्यांनी उतरवायची आणि प्रयोगशाळेत तेच सल्फानिलामाइड, तोच नेडा, तोच गुलाबी रंग. तासाचा हिशेब ती देत नाही आणि सोसाट्याच्या वाऱ्यात थोडी फसते. पण लालबागच्या पुलाखाली, शाळेच्या फाटकाशी, केईएमच्या रांगेजवळ आणि ठाकूरद्वारच्या अरुंद रस्त्यात एकाच महिन्यात काय फरक आहे ते ती सांगते. ब्रिटनमधल्या स्थानिक परिषदा अशा हजारो नळ्या वर्षानुवर्षं रस्तोरस्ती लावत आल्या आहेत. आपल्याकडे ते रसायन दर कॉलेजच्या प्रयोगशाळेत होऊ शकतं.

तेव्हा दोन कामं करा. आज रात्री दहा वाजता समीर हे हवेच्या आकड्यांचं अॅप उघडा, भायखळा किंवा शिवडी निवडा आणि एक्यूआयवर न थांबता नायट्रोजन डायऑक्साइडचा वेगळा आकडा पाहा; उद्या दुपारी दीडला तोच पुन्हा पाहा. मग परळच्या एफ दक्षिण वॉर्ड ऑफिसात एक अर्ज द्या: लालबाग उड्डाणपुलाखाली या वायूची मोजणी कधी झाली, कोणत्या पद्धतीने, किती उंचीवर आणि किती दिवस. उत्तर लेखी मागा.